मी नीट दिसत नाहीये

मी जन्मले तेव्हा मला वीतभर अंतरापलीकडचं काहीच नीट दिसत नव्हतं. मला पाहायला आलेल्यांना मात्र माझं नाक कुणावर गेलंय इथपर्यंत सगळं दिसत होतं. पुढे बरेच महिने हा प्रकार असाच चालला. मला काय दिसतं यापेक्षा माझ्यात काय दिसतं, यावरच घरात जास्त बोलणं व्हायचं.

हे मला आठवतंय असं नाही. कुणालाच आठवत नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यावर एक टोपरं असायचं. त्याने जे जे टिपलं ते सगळं, टोपरं बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा, माझ्या नावावर करून दिलं गेलं. त्यात टोपऱ्याच्या कडेला बसवलेल्या बारीक कॅमेऱ्याची चित्रं आहेत, घरातली बोलणी आहेत आणि माझ्या मेंदूतल्या रक्ताची ये-जा आहे. तेवढ्या भांडवलावर मी ही गोष्ट सांगते आहे. शब्द आत्ताचे आहेत, पाहणं तेव्हाचं.

टोपऱ्यामागचं विज्ञान साधं होतं. मोठ्या माणसाची कवटी ही बंद पेटी असते. ध्वनिलहरी तिच्यातून आत सोडल्या तर हाड त्यांना अडवतं, विखरून टाकतं. तान्ह्या मुलाची कवटी मात्र अजून सांधलेली नसते. कपाळाच्या वर हाडांच्या मध्ये एक मऊ जागा असते, तीच टाळू. वर्ष-दीड वर्षात हाडं जवळ येतात आणि ती बुजते, पण तोवर ती उघडी खिडकीच असते. टोपऱ्याच्या आत, बरोबर टाळूवर येईल अशी, बटणाएवढी चकती होती. ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या लहरी आत सोडायची आणि परत येणारे पडसाद मोजायची. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे क्षणभरात जास्त रक्त धावतं, आणि ते धावणं पडसादांवरून कळतं. मग हजारो मुलांच्या नोंदींशी ताडून यंत्र सांगायचं की हिला भूक लागली आहे, हिला झोप आली आहे, हिला कशाची तरी भीती वाटते आहे.

सांगायचं तेही माझ्या तोंडून. टोपऱ्याच्या कानाशी एक स्पीकर होता आणि बाबांनी त्यातला सगळ्यांत लाडिक आवाज निवडला होता. "आई, मला भूक लागली!" असं टोपरं म्हणायचं आणि सगळे विरघळायचे. मी असं काहीही म्हणत नव्हते. भुकेला तेव्हा शब्द नव्हता आणि भूक आणि मी असे दोन वेगळे प्रकारही नव्हते. पोटात काहीतरी पिळवटायचं आणि सगळं संपत आल्याची खात्री व्हायची, एवढंच. चकती टाळूवरून पूर्ण सरकली की तोच आवाज तक्रार करायचा, "मी नीट दिसत नाहीये!" घरातलं माझं पहिलं गाजलेलं वाक्य हेच. पाहुणे ते ऐकायला मुद्दाम टोपरं सरकवून बघायचे.

आम्ही मिरजेला राहायचो. बाबा, म्हणजे निनाद मगदूम, नवीन यंत्र दिसलं की घरी आणणारे. आई, सुरभी, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासायची, त्यामुळे माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या रिपोर्टवर तिचा जास्त विश्वास होता. तिसरी हेमाआत्या, बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न मोडलं होतं, मूल नव्हतं, आणि बार्शीला फॉल-पिकोचं दुकान होतं. आईची रजा संपणार म्हणून ते दुकान बंद करून ती माझ्यासाठी मिरजेला येऊन राहिली होती.

मला अंघोळ आत्या घालायची. पाटावर बसून पाय लांब करायची, मला नडग्यांवर पालथं टाकायची, आणि मग तेल, बेसन, ऊन पाणी. "काय बघतेस गं टकामका, म्हातारे? पाणीच आहे ते. सवय कर, जन्मभर लागणार आहे." धुरी द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेवढं तिने ऐकलं. टाळूच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. अंग पुसून झालं की वाटीतलं कोमट तेल बोटांनी घेऊन टाळूवर हलकं हलकं थापायची, टाळू तेलाने भरायची, आणि तेलावरच टोपरं चढवायची. मग मला उचलून खांद्याशी धरायची. तिच्या खांद्यावर माझी मान पहिल्यांदा ताठ उभी राहिली. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं आणि मी ते फार गांभीर्याने पाहत होते.

मी पहिल्यांदा हसले ते आईला. निदान आई तसं समजते. नोंद पाहिली तर मी काळे केस संपून कपाळ सुरू होतं त्या रेषेला हसले होते. त्या वयात मुलाला चेहऱ्याची तेवढीच ओळख असते. पण ती रेषा आईचीच होती, तेव्हा तिचं म्हणणं खोटं नाही.

आई कामावर रुजू झाली आणि थोड्याच दिवसांत कंपनीने टोपऱ्याला नवीन सोय जोडली. तिचं नाव 'ओढ'. बाळाला कुणाचा किती लळा आहे ते पाहा, असं फोनवर आलं. फोनच्या पडद्यावर पाच पाकळ्यांचं फूल. मुलाला जो घेईल त्याला पाहून मुलाच्या मेंदूत जी हालचाल होईल, त्याप्रमाणे पाकळ्या उमलणार. बाबांना हा खेळ वाटला. रविवारी सकाळी अंघोळ उरकल्यावर त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

आत्याकडे मी होतेच. फूल सगळंच्या सगळं उमललं. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"आता सुरभी, तू घे."

"थांब, किती तेलकट झालंय हे," आई म्हणाली. लॅबमध्ये कुणाच्याही दंडाला सुई लावण्याआधी जागा पुसून घ्यायची, ही तिच्या हाताची सवय. तिने पाण्यात कापूस बुडवून माझी टाळू नीट पुसली, चकतीही पुसली, कोरडी केली, टोपरं चढवलं आणि मला जवळ घेतलं. दोन पाकळ्या उमलल्या. बाकीच्या मिटलेल्याच राहिल्या.

"अगं, यंत्र आहे ते," आत्या म्हणाली. "सकाळपासून माझ्याजवळ होती ना, म्हणून असेल."

"असेल," आई म्हणाली, आणि मला बाबांकडे देऊन आत गेली.

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी तपासायला लागली. घरी यायची, हात धुवायची, माझी टाळू पुसायची, टोपरं चढवायची आणि मला मांडीवर घेऊन फोनकडे बघत बसायची. मी तेव्हा डोळे शोधायच्या वयात होते. समोरच्याने माझ्याकडे पाहिलं की मी हात-पाय झाडून उत्तर द्यायची, मग त्याने उत्तर द्यायचं, मग मी. तान्ह्या मुलाचं सगळं संभाषण असंच चालतं. आईचे डोळे फोनवर असायचे. मी हात-पाय झाडून बघायची, आवाज काढून बघायची, आणि शेवटी तोंड फिरवून पंख्याकडे पाहायची. मग दोनाची एक पाकळी व्हायची. हे मात्र यंत्राने बरोबर मोजलं होतं.

मी पालथी पडले तेव्हा आई लॅबमध्ये होती. बसायला लागले तेव्हाही. तिला व्हिडिओ मिळाले आणि तिने ते सगळ्यांना पाठवले. आत्याला हे कळत होतं. म्हणून एके सकाळी मला भरवताना तिच्या बोटाला काहीतरी टोचलं, तेव्हा ती "अगंबाई, दात!" एवढं बोलून गेली आणि लगेच गप्प झाली. बाबांनाही तिने सांगितलं नाही. हा दात आईलाच सापडावा, असं तिने मनाशी ठरवलं.

संध्याकाळी आई आल्यावर ती म्हणाली, "सुरभी, हिची लाळ फार गळतेय बघ. हिरडी सुजलीय की काय? जरा बोट फिरवून बघतेस का?"

"दात आलाय तिला," आई म्हणाली. "मला सकाळीच कळलं."

टोपऱ्याने ऐकलं होतं. आईच्या फोनवर तेव्हाच माझ्या लाडिक आवाजात निरोप गेला होता की आज आत्याच्या बोटाला माझा पहिला दात लागला!

"मला का नाही सांगितलंत, ताई?"

"तुला सापडावा म्हणून गं."

"म्हणजे मला खोटं खोटं सापडायचं?"

मी दोघींच्या मध्ये चटईवर बसले होते आणि चमचा चावत होते. मला फक्त आवाज कळत होते, आणि दोन्ही आवाज ओळखीचे असून बदललेले होते. मी रडायला लागले. दोघींनी एकदमच हात पुढे केले. मी आत्याकडे गेले.

पुढचं बोलणं दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात झालं.

"ताई, दुकान किती दिवस बंद ठेवणार? गिऱ्हाईकं तुटतील तुमची."

"तुटली तर परत जोडता येतात."

"लॅबच्या खालीच पाळणाघर आहे. मी बोलून ठेवलंय तिथे."

आत्याने वरणाला फोडणी दिली, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला. मग विचारलं, "मी गेले की बरं वाटेल का तुला?"

"हो," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"मग जाते. रागाने नाही जात. पण जाते."

बाबा दोन्हीकडून बोलले आणि कुणाच्याच उपयोगी पडले नाहीत. मात्र बहीण रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्यांनी एक गोष्ट केली. त्या रविवारचं पाच पाकळ्यांचं फूल छापून, लॅमिनेशन करून तिला दिलं.

ती निघाली त्या सकाळी तिची बॅग दाराशी होती. तिने मला चटईवर पोटावर ठेवलं आणि चपला घालायला वाकली. मला ती हवी होती. मी हातांवर जोर दिला, छाती उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा रांगले. फक्त उलट्या दिशेने. बऱ्याच मुलांचं असं होतं. हात आधी बळकट होतात, पाय मागाहून, त्यामुळे पुढे जायला म्हणून ढकललं की मूल मागे सरकतं. कॅमेऱ्याच्या चित्रात स्पष्ट दिसतं, की दार, बॅग आणि आत्या समोर आहेत आणि एकेका ढकलण्याबरोबर लांब लांब जात आहेत. मी जितका जीव तोडून आत्याकडे निघाले होते तितकी मागे उभ्या असलेल्या आईच्या पायांपाशी पोचले.

"माझ्याकडे आली!" आई ओरडली. तिने मला उचलून घेतलं, गच्च धरलं. "ताई, बघितलंत? माझ्याकडे आली!"

"बघितलं की," आत्या म्हणाली. तिचं तोंड कसं झालं होतं ते चित्रात नाही, कारण माझं डोकं आईच्या खांद्यात दबलेलं होतं.

नंतरचे दिवस पाळणाघरात आणि आईबरोबर गेले. आई मला अंघोळ घालायची ती टबात, घाबरत घाबरत. टाळूला तेल नाही. टोपरं खराब होतं म्हणून. मी पुढे रांगायला शिकले. टोपलीतून बटाटे काढून पुन्हा टोपलीत टाकायला शिकले. वस्तू नजरेआड गेली तरी ती कुठेतरी असते, हा त्या महिन्यांतला मोठा शोध. त्यामुळे मी दाराकडे बराच वेळ पाहत बसायची. फूल एका पाकळीवर आलं होतं. आईला वाटलं आपण आत्याला घालवलं आणि पोरीचं मन मिटलं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. फक्त जेवणं सोडल्यासारखं केलं.

एका सुटीच्या दिवशी माझं डोकं कोरडं पडून खपल्या धरल्या होत्या आणि मी किरकिर करत होते. आईने ओट्यावरची आत्याची वाटी काढली, तेल कोमट केलं आणि माझ्या टाळूवर थापलं. आत्याचीच पद्धत, फक्त हात जड. मी गप्प झाले. बाबांनी न पुसता टोपरं चढवलं, कारण पुसायचं असतं हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"सुरभी, फोन बघ. सगळं फूल उमललंय."

आईने फोन पाहिला. मग तिने माझी टाळू पुसली आणि टोपरं पुन्हा घातलं. दोन पाकळ्या. तेल लावलं. पाच. पुसलं. दोन. तेल लावून मला उताणं झोपवलं आणि सगळे बाजूला झाले. मी पंख्याकडे पाहत होते. चार.

बाबा पोट धरून हसायला लागले. आई हसली नाही.

"टोपऱ्याच्या बॉक्समध्ये जेल नव्हतं का रे? सोनोग्राफीला लावतात तसलं?"

"एक ट्यूब होती," बाबा म्हणाले. "मला वाटलं रॅशचं क्रीम आहे. वापरून संपवलं मी."

हवेचा पातळ थर मध्ये आला तरी ध्वनिलहरी तिथूनच परत फिरतात. म्हणून चकती आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी ओलसर लागतं. जेल नव्हतं, पण आत्याच्या तेलाने तेच काम केलं होतं. आईने दर वेळी काळजीपूर्वक ते पुसून टाकलं होतं. आणि चकती अर्धवट टेकलेली असली, माहिती अपुरी पडली, की हे यंत्र गप्प बसत नसे. ते अंदाज करायचं, आणि अंदाज सांगताना त्याच्या आवाजात काही फरक पडायचा नाही.

"पेशंट भांडायला येतात," आई म्हणाली. "उपाशीपोटीचा रिपोर्ट आणि जेवणानंतरचा रिपोर्ट शेजारी ठेवतात आणि विचारतात, साखर वाढली कशी? मी त्यांना हसते. आणि मी स्वतः काय केलं, निनाद?"

"ताईला फोन लावू?"

"फोनवर नको. जाऊ या."

बार्शीचं जे मला माहीत आहे त्यात चित्र नाही. टोपरं आईच्या पर्समध्ये होतं. बाबांनी निघताना चार्ज करून ते चालू ठेवलं होतं. त्यामुळे तिथला काळोख आणि आवाज तेवढे नोंदले गेले. दिसलं काय, ते आईने पुढे सांगितलं.

शिलाई मशीनचा आवाज थांबला. आत्या गळ्यात टेप घेऊन उठली. तिच्यामागे भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, लॅमिनेशन केलेलं फूल लावलेलं होतं.

"आली गं माझी म्हातारी!" तिने हात पसरले.

मी किंचाळले. मी परक्या चेहऱ्यांना भिण्याच्या वयात आले होते. मूल तेव्हा जगाचे दोन भाग करतं, ओळखीचं आणि बिनओळखीचं, आणि आत्या मधल्या दिवसांत दुसऱ्या भागात जाऊन पडली होती. मी आईच्या गळ्याला मिठी मारली, ती काही केल्या सुटेना. आईला इतके महिने जे हवं होतं ते सगळं तिला त्या दुकानात एका क्षणात मिळालं, आणि तिला रडू फुटलं.

"अगं, असू दे," आत्या म्हणाली. "लेकरूच आहे. एवढ्यात विसरायचंच."

"ताई, माझं चुकलं. यंत्राला तेल लागत होतं. तुम्ही लावायचात, मी पुसायचे. माझं फूल खोटं होतं." आईचा आवाज नोंदीत नीट ऐकू येत नाही, माझ्या रडण्यात बुडाला आहे. "तुमचं खरं होतं."

आत्या भिंतीवरच्या फुलाकडे पाहत होती, असं आई सांगते.

"खरं होतं ना? मग झालं तर." आणि मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "टोपरं आणलंयस का गं? तेल आहे माझ्याकडे. एकदा बघू दे, मी किती उरलेय तिच्यात."

रिपोर्टवर विश्वास असलेली माझी आई म्हणाली, "नाही हो, ताई. घरीच राहिलं."

त्याच वेळी तिच्या पर्समधून लाडिक आवाजात कुणीतरी म्हणालं, "मी नीट दिसत नाहीये!"

नोंदीत फक्त माझं रडणं आहे आणि बाहेरून गेलेल्या एका मोटारसायकलचा आवाज. आत्याने पर्सकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"निनाद, आत ओट्यावर वाटी आहे," ती म्हणाली. "तेल जरा कोमट करून आण. आणि सुरभी, तू बस इथे. तिला खाली ठेवू नकोस, तुझ्याच मांडीवर राहू दे. मी मागून लावते, म्हणजे माझं तोंड दिसणार नाही तिला."

एवढ्यावर नोंद संपते. आईने पर्समध्ये हात घालून टोपरं बंद केलं आणि ते पुन्हा माझ्या डोक्यावर चढलं नाही. त्या दुपारी मी रडायची कधी थांबले, हे कुणीच मोजलं नाही.